चाळिशीत रिटायर व्हा, बाकी आई-बाबा बघतील

सोसायटीच्या ग्रुपवर 'चाळिशीत रिटायर व्हा'ची ती एक्सेल शीट परवा पुन्हा आली. या महिन्यात चौथ्यांदा. तेव्हा आता उशीर नको, राजीनामा टाइप करायला घ्याच. फक्त थोडी पथ्यं पाळा.

वडापाव सोडा. रोजचे वीस वाचले की वर्षाचे सात हजार. मुलाच्या स्कूलबसचा एक हप्ता निघाला, पुढच्याचं पुढे बघू.

राहता फ्लॅट कॉर्पसमध्ये, म्हणजे निवृत्तीसाठी साठवलेल्या रकमेत, धरा. पैसे कमी पडले की दर महिन्याला बाथरूमच्या दोन टाइल्स विकायच्या.

रीडेव्हलपमेंटच्या काळातलं बिल्डरकडचं भाडं वेळेवर येणार, असं धरून चाला.

आता मूळ मंत्र : वर्षाचा खर्च गुणिले 25, एवढे साठले की नोकरी सोडायची. महिना 60 हजार, म्हणजे वर्षाला 7 लाख 20 हजार, म्हणजे 1 कोटी 80 लाख. संपला विषय! हा हिशेब 4 टक्क्यांच्या नियमातून आलाय : पहिल्या वर्षी साठ्यातले 4 टक्के काढायचे, पुढे दर वर्षी महागाईइतके वाढवून. विल्यम बेंगन या अमेरिकी सल्लागाराने 1994 साली तिथले शेअर, तिथले सरकारी रोखे आणि तिथली महागाई घेऊन तो 30 वर्षांसाठी मांडला. तुम्हाला काढायचीत 45, तीही कांदिवलीत. पण शीटला काय त्याचं? परताव्याच्या रकान्यात 8, महागाईच्या रकान्यात कुणीतरी 4 टाकून ठेवलाय. पैसे शंभरीनंतरही उरतात. आता त्या 4 च्या जागी 7 टाका. टाका ना! साधारण 28 वर्षांत खातं रिकामं. वय 68, आणि गुडघ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. हेसुद्धा दर वर्षी न चुकता 8 टक्के मिळाले तर. जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षी ऑक्टोबरात 9 हजारांखाली आला होता. पगार चालू असलेला माणूस अशा वेळी एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडाचा दरमहाचा हप्ता, चालू ठेवून गप्प बसू शकतो. नोकरी सोडलेल्याला त्याच पडेल भावात युनिट विकून दूधवाल्याचं बिल भरावं लागतं. बाजार पुन्हा वर येतो, पण विकून खाल्लेली युनिट येत नाहीत. हे त्या शीटमध्ये कुठे आहे? कुठेच नाही.

मेडिक्लेम काय, ऑफिसचा आहेच. (नोकरीबरोबर तोही सुटतो, पण एवढं कोण वाचतं.)

बायकोला मात्र नोकरी सोडू देऊ नका. घरात कुणाचा तरी पगार आल्याशिवाय तुम्ही निवृत्त होणार कसे?

पुरे झालं. घर आईच्या नावावर, लाइटबिल बाबांच्या पेन्शनमधून, बायको सात बावन्नच्या लोकलला दारात लटकतेय, आणि तुम्ही ग्रुपवर 'फायनान्शियल फ्रीडम' लिहिताय. लाज वाटू द्या थोडी. साहेब छळतोय, नोकरी नकोशी झालीये, तर सरळ तसं म्हणा आणि दुसरी शोधा. पैसे साठवू नका असं कोण म्हणतंय? साठवा, भरपूर साठवा. स्वतःची वेगळी मेडिक्लेम नोकरीत असतानाच काढा, कारण आधीपासूनच्या बीपी-शुगरच्या क्लेमसाठी तीन वर्षांपर्यंत थांबवून ठेवतात. आणि ती शीट पुन्हा पाठवायचीच असेल, तर आधी त्यातला तो 4 खोडा.