शेंडा ना बुडखा

एखादी जडी उलटी लागली तर माणूस चुकला म्हणतात. आम्ही 118 लावल्या. दोरी धरून, दोन-दोन मीटरवर, एकही रांग वाकडी नाही. आणि सगळ्याच्या सगळ्या शीर्षासनात.

या गोष्टीला महिना होऊन गेला. घरात विषय निघाला की नवरा अजून पंख्याकडे बघतो.

जडी म्हणजे सागजडी. रोपवाटिकेत वाढवलेलं सागाचं रोप उपटतात, पानं काढून टाकतात, बारीक मुळं छाटतात, वर बोटाच्या पेराएवढं खोड ठेवतात आणि खाली वीतभर मूळ. उरतो तो वाळक्या गाजरासारखा दांडका. ओल्या गोणपाटात गुंडाळून हातात देतात तेव्हा आपण झाडं आणली की सरपण, असा प्रश्न पडतो. चांगला पाऊस झाला की पहारीनं भोक पाडायचं, जडी सोडायची, माती दाबायची. मोठा खड्डा नको, पिशवी फाडायला नको. म्हणूनच आम्ही जडी घेतली. सोपं काम म्हणून.

जमिनीचा तुकडा सासऱ्यांकडून आला आणि बरीच वर्षं पडून होता, एवढं सांगितलं तरी पुरे. अर्ध्यावर साग, अर्ध्यावर उंबर, करंज, बेहडा, मोह, पळस अशी रानझाडं. लाकूड म्हातारपणासाठी आणि पाखरं आत्म्यासाठी, ही विभागणी नवऱ्याची. त्यानं वाचायचं तेवढं सगळं वाचलं होतं. नुसता साग लावला तर त्या सुपाएवढ्या पानांवर पाऊस साठतो, टपोरा थेंब होऊन खाली आपटतो आणि उघडी माती उडते, म्हणून मधे दुसरी झाडं हवीत. सुरुवातीला दाट लावून पुढे विरळणी करायची. केरळात नीलंबूरला इंग्रजांनी 1840च्या दशकात साग लावला, तेव्हा आधी त्यांना बीच रुजवता येईना, फळाचं कवच इतकं टणक. आणि त्याच लागवडीतले काही साग आजही उभे आहेत. हे सगळं त्याला तोंडपाठ. फक्त जडीची कुठली बाजू वर, हे त्याच्या वाचनात कुठे आलं नव्हतं. हे लिहावं लागेल, असं कुणाला वाटलंच नसणार.

मग आम्ही डोकं चालवलं. झाड बुडाशी जाड असतं आणि वर बारीक होत जातं. बरोबर? जडीचं एक टोक जाड, दुसरं निमुळतं. म्हणजे जाड टोक खाली. यात चुकलंय कुठे, ते मला आजही शांतपणे बसल्यावर पटकन सापडत नाही. एकदा हातात घेऊन निरखलं असतं तर जाड टोकाशी, खोड-मुळाच्या सांध्यावर, मोहरीएवढे डोळे दिसले असते. कोंब तिथून फुटतो. पण 118 दांडके समोर असताना एकेकाच्या डोळ्यांत कोण बघतं?

आता आबा.

आबा आमचे कुणी नाहीत. शेजारच्या शेताचे मालक, सत्तरीच्या पुढचे. सकाळी आठला काळी छत्री घेऊन आले, बांधावरचा सपाट दगड हातानं पुसला आणि बसले ते संध्याकाळीच उठले.

"काय ताई, लावताय?"

"हो आबा, साग."

"बरं बरं."

या 'बरं बरं'वर मी नंतर पुष्कळ विचार केला. त्यात दोन 'बरं' होते. दुसरा जरा लांबला होता.

पुढचे आठ-नऊ तास आबा गप्प बसले असते तर माझी काहीच तक्रार नव्हती. पण त्यांनी एक गोष्ट सोडून बाकी सगळ्या गोष्टींवर सल्ले दिले. पहार तिरकी जातेय. दोरी ढिली पडलीय. साहेबांच्या टोपीला मागून ऊन लागतंय. उंबर विकत कशाला आणलं, ते पाखरं फुकट लावतात. (हे खरं आहे. विष्ठेतून पडलेलं उंबराचं बी भिंतीच्या फटीतही उगवतं. आमचं मात्र पिशवीतलं, लेबल लावलेलं.) मोहाची पिशवी फाडली तर म्हणाले, "खालची मुळं गोल फिरलीत, तेवढी कापून टाका, न्हाईतर मोठं झाल्यावर स्वतःलाच आवळून घेतंय." मी कापली. मनात म्हटलं, किती बारीक नजर आहे या माणसाची!

आणि मग, मला वाटतं तिसऱ्या रांगेत, ते म्हणाले, "माती टाचंनं दाबा ताई. मुळाभोवती हवा राह्यली की मूळ वाळतंय."

मूळ म्हणाले ते. समोर मूळ आकाशाकडे तोंड करून उभं, आणि हे मला त्याच्याभोवतीच्या हवेची काळजी सांगत होते.

दुपारी दम खायला बसलो तेव्हा नवऱ्याला वक्तृत्व सुचलं. स्वीडनमध्ये एका मोठ्या तळ्यात व्हिसिंगसो नावाचं बेट आहे. तिथे 1830च्या दशकात आरमाराच्या जहाजांसाठी ओकची झाडं लावायला घेतली. ओक वाढायला शंभर-दीडशे वर्षं लागणार, पण सरकार दूरदृष्टीचं. 1975 साली वनखात्यानं आरमाराला रीतसर कळवलं, तुमचं लाकूड तयार आहे. तोवर जहाजं पोलादाची होऊन जमाना लोटला होता.

आबा इतके हसले की छत्री कलंडली. डोळे पुसत म्हणाले, "म्हंजे लावनाऱ्यानं काय लावलं आन् झालं काय!" आणि पुन्हा आमच्या रांगांकडे बघून हसले. आम्हीही हसलो. आम्हाला वाटलं, आपण तिघं एकाच गोष्टीवर हसतोय.

साडेपाचला शेवटची जडी गेली. मी कंबर धरून उभी राहिले. आबांनी छत्री मिटली, दगडावरून उठले, धोतर झटकलं.

"झालं का?"

"झालं आबा! एकशे अठरा."

"एक इचारू का? राग न्हाई ना येनार?"

"विचारा की."

"ही उलटी लावायची पद्धत नवी निघालीय का?"

नवऱ्याच्या हातातली पहार खाली पडली. त्याच्याच पायावर, पण तो ओरडलासुद्धा नाही.

"उलटी म्हणजे?"

आबांनी जवळची एक जडी अलगद उपसली, सर्रकन फिरवली, जाड बाजू वर करून परत भोकात सोडली आणि अंगठ्यानं त्या मोहरीएवढ्या डोळ्यांवरची माती पुसली. तीन सेकंदांचं काम.

"आबा, मग सकाळी का नाही बोललात?"

"शिकलेली मानसं तुमी. फोनात बघून बघून करत हुता. मागं एकानं टमाटं उलटं टांगून लावल्यालं. त्यालाबी म्या हसलो. लागली की त्याला टमाटी."

"अहो पण दहा-वीस झाल्यावर तरी?"

"धा झाल्यावर बोलनारच हुतो. पर रांग काय झकास आली हुती."

"पन्नास झाल्यावर?"

"तवा साहेब जहाजाचं सांगत हुते. मधीच कसं बोलायचं?"

"शंभर झाल्यावर?"

"शंभर झाल्यावर बोलून काय उपेग, ताई? अठराच तर राह्यल्या हुत्या."

या उत्तराला काय बोलायचं असतं ते मला अजून सुचलेलं नाही. महिनाभर अंघोळ करताना एकेक वाक्य सुचतं, पण ते आबांसमोर टिकेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गेलो. कुणी बघायच्या आत सरळ करून टाकू म्हणून. तर बांधावर आबा. शेजारी जावई. जावयाच्या खांद्यावर नातू. दहा वाजेपर्यंत अकरा माणसं जमली. मी मोजली, कारण लाजेत माणसाला मोजायला फार वेळ मिळतो. एकानं मोबाइल काढला. एक जण म्हणाला, "वीस वर्षांनी एका झाडाचे किती मिळतील?" दुसऱ्यानं लगेच गुणिले एकशे अठरा करून मोठ्यानं सांगितलं. तिसरा म्हणाला, "उलट्या आल्या तर लाकूडबी उलटं निघंल." लोक हसले. नातू सगळ्यात जास्त हसला, आणि त्याला तर अजून उलट-सुलटही कळत नव्हतं.

इथे माझं हसू संपतं, खरं सांगते. भोकं पाडायला माणूस मिळेल का म्हणून आदल्या आठवड्यात याच लोकांना विचारलं होतं. वेळ नव्हता कुणाला. आता वेळ होता. आणि त्या अकरांपैकी एकानंही वाकून एक जडी सरळ केली नाही. तीन सेकंदांचं काम होतं ते, आबांनी करून दाखवलं होतं. अकरा माणसांनी दहा-दहा केल्या असत्या तर सात जडी आमच्या वाट्याला उरल्या असत्या. आम्ही दोघं दुपारपर्यंत उकिडवे बसून करत राहिलो. उपटताना काहींची साल खरवडली, काही मोडल्या. भोकं सैल झाली होती, टाचेनं दाबून दाबून माझ्या तळपायाला फोड आला. वरून सूचना चालूच, "अजून दाबा, ताई."

रानझाडांची हकीकत वेगळीच. आठवड्यानं बघतो तर बावीस रोपांचे शेंडे गायब. विळ्यानं छाटावा तसा तिरका, स्वच्छ काप. मला वाटलं कुणीतरी खोडी काढली. आबांनी एक काडी उचलून डोळ्याजवळ धरली. "ससा हाय. हरनानं खाल्लं असतं तर फाटलं असतं, त्याला वरचं फुडचं दात नसत्यात. ह्यो कात्रीवानी कापतोय."

"आता काय करायचं?"

"कशाला काय करायचं? जनावरांसाठीच लावलंय न्हवं तुमी? मग आली की ती."

नवऱ्याच्या योजनेत वन्यजीव दहाव्या वर्षापासून होते. फळं धरल्यावर, सावली झाल्यावर, धनेशासारख्या पाखरापासून सुरुवात. पहिल्याच आठवड्यात ससा जेवायला येईल, असा रकानाच नव्हता. आता काटेरी फांद्या गोळा करून रोपाभोवती कुंपण घालतोय. कुंपण म्हणजे ज्यांच्यासाठी लावलं त्यांनाच बाहेर ठेवायची सोय.

जडींचं मात्र बरं चाललंय. तिसऱ्या आठवड्यात डोळे फुगले, मग तांबूस कोंब आले. त्यातलं एक कोवळं पान मी बोटांत चुरडलं, बोटं लाल झाली. सागाचं कोवळं पान असा रंग सोडतं. म्हणजे निदान साग तरी खरा आहे. हेही तपासून घ्यावं, इतका माझा स्वतःवरचा विश्वास उडालाय.

एक भानगड राहिलीच. त्या दिवशी सरळ केलेल्या जड्या आम्ही मोजल्या, आबांनी फिरवलेली धरून. एकशे सतरा भरल्या. पुन्हा मोजल्या. एकशे सतरा. मोडलेल्याही धरल्या होत्या. म्हणजे एक कुठेतरी अजून उलटीच आहे. वरचं टोक मातीत बुजलं असेल, गवतात गेलं असेल, आम्ही रांगा पिंजून काढल्या तरी सापडली नाही.

"एक राह्यली व्हय?" आबा बांधावरून म्हणाले.

"हो. तुम्हाला दिसली का कुठे?"

"दिसली की."

"कुठली?"

"जी उगवनार न्हाई ती."

आत्तापर्यंत चौदा उगवलेल्या नाहीत. रोज सकाळी मी त्या चौदांपाशी जाऊन उभी राहते, आणि आबा छत्री उघडतात.