कॉर्नरमधला माणूस कुणाचा होता

सकाळी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला. बॉक्सर माइक टायसनचा फोटो, तोंडावर टॅटू, आणि खाली लिहिलेलं की या माणसाने ३० कोटी डॉलर कमावले, वाघ पाळले, गाड्या उडवल्या आणि २००३ मध्ये दिवाळखोर झाला, पैसा कमवायला ताकद लागते पण टिकवायला अक्कल लागते वगैरे. खाली सात अंगठे. एका काकांनी हात जोडलेत. आणि त्या सात अंगठ्यांमध्ये एक अंगठा माझ्या धाकट्या भावाचा आहे.

चहा तसाच राहिला माझा. ग्रुपवर लिहायला घेतलं, मग पुसलं, कारण तिथे लिहिलं की "ताई चिडली" एवढंच होतं. म्हणून इथे लिहितेय. मोठं होणार आहे, वेळ असेल तर वाचा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहितीये माझा भाऊ बॉक्सिंग करायचा. महापालिकेच्या शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिकला, स्टेटला ब्राँझ मिळालं, पेपरात दोन ओळी आल्या होत्या त्या आईने लॅमिनेट करून ठेवल्यात. ऑगस्ट २०१७ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदर सिंगची त्या चिनी बॉक्सर मैमैतियालीशी फाइट झाली ना, तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो, आणि त्या रात्रीपासून याच्या डोक्यात प्रो, म्हणजे पैसे घेऊन खेळणारा बॉक्सर, व्हायचं शिरलं. विजेंदरकडे ऑलिंपिकचं मेडल होतं, त्याच्याशी बोलताना समोरचा माणूस खुर्चीतून उठून बोलणार. माझ्या भावाकडे काय होतं? लॅमिनेशन.

दीड वर्षाने एका प्रमोटरचा, म्हणजे फाइट भरवणाऱ्याचा, फोन आला. फाइटला सहा दिवस राहिलेले. नाव घेत नाही, घ्यायची इच्छाही नाही. कुणीतरी ऐनवेळी गळालाय, तू येतोस का, पंधरा हजार, राहणं-खाणं आमचं. कॉन्ट्रॅक्ट घेऊन त्यांचा एक पोरगा रात्री सोसायटीच्या गेटवर आला. नऊ पानं, सगळी इंग्लिशमध्ये. माझ्या अ‍ॅक्टिव्हाच्या सीटवर ठेवून मी वाचत होते, भाऊ मोबाइलचा टॉर्च धरून उभा, आणि तो पोरगा घड्याळ बघतोय. मी आयुष्यभर हिशोबाचं काम केलंय, दुसऱ्यांचे कागद वाचायचा पगार घेते, आणि त्या रात्री सातव्या पानानंतर भाऊ म्हणाला "ताई, बास ना आता, निघायचंय त्याला", आणि मी शेवटची दोन पानं न वाचता पेन त्याच्या हातात दिलं. तीन वर्षं दुसऱ्या कुणासाठी खेळायचं नाही हे आठव्या पानावर होतं.

ते एक पान मला आजही झोपू देत नाही, त्यामुळे प्लीज मला अक्कल कशाला लागते ते शिकवू नका.

आता टायसन. पहिले सांगते, टायसनची वकिली मी करत नाहीये. बलात्काराच्या गुन्ह्यात तो दोषी ठरला, १९९२ ते ९५ तुरुंगात होता, ते विसरायचं काही कारण नाही. वाघही पाळले, खरंय. पण तेवढंच खरंय का? कस डमाटो, ज्याने त्याला पोरासारखं वाढवलं, तो १९८५ मध्ये गेला. मॅनेजर जिम जेकब्स मार्च १९८८ मध्ये गेला, आणि जेकब्सच्या अंत्यविधीलाच डॉन किंग हजर. त्याच वर्षाच्या शेवटी टायसनचा जुना ट्रेनर केव्हिन रूनी बाहेर. घरातली मोठी माणसं गेली की दारात कोण येऊन उभं राहतं ते आपण आपल्या नात्यागोत्यात जमिनीच्या वाटण्यांमध्ये बघितलंय, वेगळं सांगायला नको.

डॉन किंग कोण, तर क्लीव्हलँडमध्ये आकड्याचा धंदा चालवायचा, आपल्याकडच्या मटक्यासारखा. १९६६ मध्ये उधारीवरून एका माणसाला रस्त्यावर लाथांनी मारलं, तो मेला, जवळपास चार वर्षं आत होता. सुटल्यावर थोड्याच वर्षांत जगातला सगळ्यात मोठा बॉक्सिंग प्रमोटर. त्याचा एक किस्सा आहे, तो स्वतःच अभिमानाने सांगायचा. जानेवारी १९७३, जमैकामध्ये किंग्स्टनला फ्रेझर आणि फोरमनची फाइट. किंग स्टेडियमला गेला तो चॅम्पियन फ्रेझरच्या गाडीतून. फोरमनने फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं. आणि किंग परत आला फोरमनच्या गाडीतून. म्हणजे जाताना चॅम्पियनबरोबर आणि येतानाही चॅम्पियनबरोबर!

लोक हसतात यावर. मला हसू येत नाही कारण हाच तर सगळा धंदा आहे. प्रमोटरला तुम्ही जिंकावं असंही नसतं आणि हरावं असंही नसतं, त्याला फक्त उरलेला माणूस आपला हवा असतो. आणि तो आपला राहावा म्हणून ऑप्शन नावाचा प्रकार असतो, म्हणजे चॅम्पियनशी खेळायचं असेल तर आधी लिहून द्या की जिंकलात तर पुढच्या इतक्या फाइट आमच्यासाठीच. नाही दिलंत तर चान्सच नाही, बसा घरी. १९९० ला टोकियोमध्ये बस्टर डग्लस नावाच्या बॉक्सरने टायसनला झोपवलं, बिचाऱ्याची आई फाइटच्या तीनच आठवडे आधी गेली होती, त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी रात्र, आणि किंग लगेच धावला की आठव्या राउंडमध्ये डग्लस पडला तेव्हा रेफरीने सावकाश मोजलं (दहा मोजेपर्यंत उठला नाही तर हरला असा नियम), निकाल फिरवा. आणि डग्लससुद्धा किंगच्याच कॉन्ट्रॅक्टवर होता! दोन्ही त्याचेच. फक्त एकाचे पैसे जास्त यायचे.

जत्रेतल्या कुस्त्या बघा. पंच जोड लावतात ते मैदानात, सगळ्या गावासमोर. इनाम किती ते लाउडस्पीकरवर ऐकू येतं. जोड बरोबरीची नसली तर लोक ओरडतात, हलगी थांबते. तिथे राजकारण नसतं असं म्हणत नाही, असतं, भरपूर असतं. पण दोघांना मातीत उतरायच्या आधी अख्खं गाव बघतं की.

माझ्या भावाचा समोरचा पोरगा वजनाला पाच किलोने जास्त भरला. भाऊ म्हणाला हे कसं, तर "अ‍ॅडजस्ट कर ना यार, पोस्टर छापलेत". पोस्टरवर त्या पोराचा फोटो एवढा मोठा आणि भावाचं नाव खाली, तेही चुकीचं. नंतर कळलं की हॉलमधली निम्मी तिकिटं त्या पोराच्या एरियात खपली होती. म्हणजे याला बोलावलं होतं ते हरायलाच. हे आम्हाला सोडून हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं. आणि कोच सरांचा खर्च द्यायला ते तयार नव्हते, म्हणाले कॉर्नरला, म्हणजे राउंडच्या मध्ये बॉक्सरला सांभाळायला, आमचा माणूस असतो, काळजी करू नका.

चौथ्या राउंडनंतर भावाचा डावा डोळा पूर्ण बंद. मी मागच्या रांगेत, दहा फुटांवर. तो माणूस त्याच्या भुवईवर व्हॅसलीन चोपडतोय आणि बघतोय दुसरीकडे, प्रमोटर बसला होता त्या टेबलाकडे. मी ओरडले टॉवेल टाका, टॉवेल टाका. कॉर्नरमधून टॉवेल टाकला की फाइट तिथेच थांबते. त्याने ऐकलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा. आणि माउथगार्ड धुऊन परत भावाच्या तोंडात घातला.

मनिलाला १ ऑक्टोबर १९७५ ला फ्रेझरचा डोळा असाच बंद झाला होता. अलीबरोबरची ती तिसरी फाइट, चौदा राउंड झाले होते, एकच उरलेला, आणि फ्रेझर हट्टाने म्हणतोय मला जाऊ दे. त्याचा ट्रेनर एडी फच, त्याने खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं त्याला. संपलं. एक राउंड राहिला होता, जगाचं टायटल समोर होतं, आणि तो म्हातारा नाही म्हणाला. फच कुणाचा माणूस होता? फ्रेझरचा. बस, एवढाच फरक असतो.

टिम विदरस्पून हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. १९८६ मध्ये हेविवेट वर्ल्ड चॅम्पियन होता, लंडनला जाऊन वेम्बलीत फ्रँक ब्रुनोला हरवलं, त्यांच्या माणसाला त्यांच्याच घरात. हरलेल्या ब्रुनोला मिळाले ९ लाख डॉलर. जिंकलेल्या चॅम्पियनच्या हातात आले ९० हजार. परत वाचा. प्रमोटर डॉन किंग, आणि विदरस्पूनचा मॅनेजर कोण, तर कार्ल किंग, डॉनचा सावत्र मुलगा. मॅनेजरचं कामच असतं प्रमोटरशी भांडून आपल्या बॉक्सरला जास्त पैसे काढून देणं. आता मुलगा बापाशी भांडणार? ऑडिटमध्ये असलं काही सापडलं तर आम्ही लाल पेनाने गोल करतो. तिथे हे वर्षानुवर्षं राजरोस चाललं. विदरस्पूनने केस केली तेव्हा कुठे दहा लाखांवर सेटलमेंट झाली.

आमच्या पाकिटात ८२०० रुपये होते. पंधरा हजारातून लॉजचे २४००, ब्लड टेस्टचे १९००, न खपलेल्या तिकिटांचे १०००, जी आम्ही कधी घेतलीच नव्हती. आणि कॉर्नर चार्ज १५००. वाचलंत? ज्या माणसाने टॉवेल टाकला नाही त्याचे पैसे माझ्या भावाच्या मानधनातून कापले. ती चिठ्ठी माझ्याकडे आहे अजून, कपाटात, बँकेच्या कागदांबरोबर ठेवलीये.

हो, आता म्हणाल प्रमोटर नसता तर फाइटच झाली नसती. मान्य. हॉल, लाइट, टीव्ही, जोखीम, सगळं तोच घेतो, नुकसान झालं तर त्याचंच. १९७४ मध्ये किन्शासाला अली आणि फोरमनला प्रत्येकी ५० लाख डॉलर कबूल करायची आणि तिथला हुकूमशहा मोबुटू, त्याच्या तिजोरीतून ते काढायची हिंमत डॉन किंगचीच, आणि गोऱ्यांच्या धंद्यात एक काळा माणूस एवढा वर चढला हेही खरंच. दुसरा मोठा प्रमोटर बॉब अरम, त्याच्या कंपनीने पोरं घडवली, सावकाश, एक एक फाइट मोजून, हेही ऐकलंय. पण त्याच अरमने पुढे कबूल केलं ना की रँकिंग देणाऱ्या संघटनेच्या अध्यक्षाला एक लाख डॉलर चारले होते. आणि बॉक्सर मेवेदरला त्याच कंपनीतून सुटायला २००६ मध्ये साडेसात लाख डॉलर मोजावे लागले. स्वतःच्याच हातांची किंमत स्वतः भरायची. त्याच्याकडे होते म्हणून सुटला.

मुहम्मद अलीजवळ नव्हते सुटायला. हे लिहायचं नव्हतं मला, पण लिहिते.

२ ऑक्टोबर १९८०. अली ३८ वर्षांचा, दोन वर्षं रिंगच्या बाहेर, जीभ जड व्हायला लागलेली. वजन उतरवायला थायरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या, अंगात त्राण नाही. समोर लॅरी होम्स, जो एके काळी अलीचाच स्पारिंग पार्टनर, म्हणजे सरावातला जोडीदार, होता. होम्स मारताना हात आखडत होता, रेफरीकडे बघत होता की थांबवा. दहा राउंडनंतर अलीचा ट्रेनर अँजेलो डंडीने थांबवलं. होम्स नंतर रडला. कबूल केलेल्या ८० लाख डॉलरपैकी साडेअकरा लाखांहून जास्त किंगने बुडवले. अलीने केस केली. तर किंगने काय केलं, अलीच्या विश्वासातल्या एका माणसाच्या हाती ५० हजार डॉलर रोख सुटकेसमध्ये भरून पाठवले, अली हॉस्पिटलमध्ये होता तिथे. सही कर आणि घे. आणि अलीने केली सही. त्याच्या वकिलाला कळलं तेव्हा तो वकील रडला.

मुहम्मद अली! ज्याने व्हिएतनामला जायला नकार दिला म्हणून साडेतीन वर्षं बॉक्सिंग गमावलं पण झुकला नाही. त्याने सुटकेस घेतली. आता त्याच्या फोटोखाली पण अकलेचं वाक्य लिहा आणि फिरवा ग्रुपवर.

त्याच्याच नावाने २०००मध्ये अमेरिकेत कायदा झाला. प्रमोटरने कमाई किती ते बॉक्सरला दाखवायचं, मॅनेजर आणि प्रमोटर वेगळे हवेत, असं बरंच. चांगला कायदा आहे, आणि २०२५ मध्ये त्याला बगल देता येईल असं नवं बिल तिथे आणलं गेलं, ते वाचून मला नवल वाटलं नाही. टायसनने १९९८ मध्ये किंगवर १० कोटी डॉलरचा दावा लावला होता, २००४ मध्ये १ कोटी ४० लाखांवर मिटला, तेव्हा तो आधीच बुडालेला होता. हे फॉरवर्डमध्ये नाही. वाघ आहेत.

भावाला त्या तीन वर्षांत आणखी दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा चार-पाच दिवस आधी, दोन्ही वेळा परगावी, दोन्ही वेळा दुसऱ्याच्या पोस्टरवर. तो गेला, कारण दुसरीकडे खेळायची मुभा नव्हती आणि नुसतं बसवत नव्हतं. तीन वर्षं संपली तेव्हा डाव्या डोळ्याला संध्याकाळी अंधुक दिसायला लागलं होतं. बॉक्सिंग सोडलं म्हणून कधी बोलला नाही. एक दिवस ग्लोव्हज माळ्यावर टाकले फक्त.

मघाशी त्याला फोन केला. म्हटलं तू अंगठा कसा काय दिलास रे त्याला? म्हणाला, "ताई, काकांनी टाकलं होतं, सगळ्यांनी दिला म्हणून मी पण दिला. वाचलं पण नाही." मी काही बोलले नाही मग.

तो आता त्याच पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना शिकवतो संध्याकाळी. त्यातल्या एकाला, एकोणीस वर्षांचा आहे, कुणीतरी कागद दिलेत सही करायला. उद्या सकाळी द्यायचेत म्हणे, घाई आहे. रात्री जेवायला घेऊन ये त्याला, म्हटलं, त्याच्या आईलाही आण. अकरा पानं आहेत. चष्मा आणि लाल पेन टेबलावर काढून ठेवलंय.