टर्की उरवावी कशी, भांडण पुरवावं कसं

नोव्हेंबर सरत आला, घरोघरी टर्की भाजण्याचा थँक्सगिव्हिंगचा सण जवळ आला, की अमेरिकेतल्या एखाद्या मराठी घरात हौशी माणूस उठतो आणि म्हणतो, "या वर्षी आपणही टर्की करू." तो माणूस तुम्ही असाल, तर अभिनंदन. पुढचं मार्गदर्शन तुमच्यासाठीच आहे.

आधी पक्षी निवडा. घरात माणसं पाच. त्यातली आई सहा महिन्यांसाठी आलेली आणि शुद्ध शाकाहारी. बायको "मी आपला रस तेवढा चाखीन" म्हणणारी. तेव्हा सोळा पौंडांच्या खाली येऊच नका. लहान आणली तर ती संपण्याचा धोका असतो. गोठलेला तो गोळा फ्रिजमध्ये सुटायला दर चार-पाच पौंडांमागे एक दिवस लागतो, म्हणजे रविवारीच त्याची प्रतिष्ठापना करायची. जागेसाठी विरजण, भिजवलेली मटकी आणि इडलीचं पीठ बाहेर काढा. हे काय आहे, असं आई विचारेल. तेव्हा तुम्हाला नेमका ऑफिसचा फोन यावा.

मग गुरुवार उजाडतो, आणि तो गुरुवार आहे हे सगळ्यांच्या एकदम लक्षात येतं. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो, 1941च्या कायद्यानंच तसं ठरवून दिलंय, तरी ही बातमी घरात दर वर्षी नव्यानं फुटते. दत्ताचा वार! 2025 साली तर 27 नोव्हेंबरला मार्गशीर्षातला पहिलाच गुरुवार होता. इकडे ओव्हनमध्ये टर्की, तिकडे चौरंगावर कलश, आणि मध्ये धुराची सूचना देणारं यंत्र दोघांवर समभावानं केकाटतंय. खायचं शुक्रवारी ठरतं. शनिवार मारुतीचा, सोमवार शंकराचा. शिजवलेली टर्की फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस टिकते, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. त्यांनी पंचांग पाहिलेलं नाही. तुमच्या हाती राहिले शुक्रवार आणि रविवार. लोकांकडे टर्की उरते. आपल्याकडे ती आधीपासूनच उरलेली असते.

आता पाककृती. छातीचं मांस भाजून इतकं कोरडं होतं, की चावताना आपण उसाचं चिपाड चघळतोय असं वाटावं. घाबरू नका. त्याचे धागे सोडवा, कांदा-खोबऱ्याचं वाटण घाला, वर कोल्हापूरहून आलेला कांदा-लसूण मसाला दोन चमचे, मग आणखी दोन. रस्सा झकास होतो. त्यात टर्की नसती तर आणखी झकास झाला असता. खिम्यात मटार घालावेत, म्हणजे निदान मटार तरी खाल्ले जातात. बिर्याणीत ती भाताच्या तळाशी पुरावी. हाडांचं सूप करावं आणि ते फ्रीजरमध्ये पुढच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत जपावं. क्रॅनबेरीचं लोणचं मात्र खरंच घाला, मोहरीची डाळ आणि हिंगाची फोडणी देऊन. गंमत सोडून सांगतो, या सगळ्या उपद्व्यापात ताटातून संपणारी ती एकच गोष्ट आहे.

टर्की खपत नसेल तर माणसांना भूक लागेल असं काहीतरी करावं. शनिवारी दुपारी टीव्ही लावा. ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन. 1897 पासून ही दोन विद्यापीठं फुटबॉल या नावाखाली एकमेकांच्या अंगावर जातात. तुम्ही टोलिडोला राहत असाल, मुलगा कोलंबसला ओहायो स्टेटमध्ये आणि मुलगी अ‍ॅन आर्बरला मिशिगनमध्ये शिकत असेल, तर दोन्ही फिया भरून तुम्ही हे भांडण रीतसर विकत घेतलेलं आहे. तुमच्या गावावरूनच 1835 साली ओहायो राज्य आणि तेव्हा अजून राज्य न झालेलं मिशिगन बंदुका घेऊन समोरासमोर आली होती. जखमी किती? शेरीफचा एक माणूस, त्यालाही खिशातला चाकू लागला आणि तो बरा झाला. टोलिडो ओहायोला मिळालं, मिशिगनची समजूत वरच्या बाजूचा भला मोठा जंगली द्वीपकल्प देऊन काढली, आणि तिथे पुढे तांबं-लोखंड निघालं. बेळगावचं नाव ऐकत वाढलेल्या माणसानं हा निकाल वाचताना मन घट्ट करावं.

ही स्पर्धा अगदी खेळीमेळीची असते, हे पाहुण्यांना आवर्जून सांगा. त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवर रोमन लिपीतल्या प्रत्येक 'एम'वर लाल पट्टीची फुली मारतात. 2024 साली मिशिगननं कोलंबसला जाऊन 13-10 असं हरवलं आणि त्यांचे खेळाडू आपला झेंडा मैदानाच्या मध्यावर रोवायला निघाले, तेव्हा पोलिसांनी खेळाडूंवर डोळे झोंबवणारा फवारा मारला. इतकी खेळीमेळी आम्ही फक्त पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम एकांकिका स्पर्धेच्या वेळी पाहिली होती. तिथे "आवाज कुणाचा"वर भागायचं.

मुलांना इतिहासाचा दारूगोळा तुम्हीच पुरवा. मुलगी फुशारली तर मुलाला 1968ची आठवण द्या: सामना खिशात असताना ओहायो स्टेटचे प्रशिक्षक वुडी हेज यांनी शेवटी एकाऐवजी दोन गुणांसाठी डाव टाकला, निकाल 50-14. मग मुलीच्या कानात सांगा, की पुढच्याच वर्षी हेज यांचाच जुना सहायक बो शेंबेकलर मिशिगनचा प्रशिक्षक होऊन आला आणि त्यानं गुरूला 24-12 नं पाडलं. दोघंही गप्प बसले, तर 1950 काढा. हिमवादळात मिशिगनचा एकही पास पूर्ण झाला नाही, एकदाही फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकणं) मिळालं नाही, तरी ते 9-3 नं जिंकले. काहीही न करता जिंकता येतं, हे ऐकून मुलं तुमच्याकडे बघतील. बघू द्या.

आता खरी युक्ती. ज्याचा संघ हरेल त्यानं रविवारी उरलेली टर्की होस्टेलवर न्यायची, अशी पैज लावा. 1996 पासून कॉलेज फुटबॉलमध्ये बरोबरी होत नाही, त्यामुळे पळवाट नाही. दोघांच्या तोंडी एकदम मारुतीस्तोत्र येईल. आईला वाटेल, संस्कार टिकले.

एकच खबरदारी घ्या. "बाबा, तुम्ही कुणाच्या बाजूनं?" असं मुलांनी विचारलं, तर "मला काय, दोघंही सारखेच" असं चुकूनही म्हणू नका. मी म्हणालो होतो. रविवारी दोन्ही गाड्या रिकाम्या गेल्या, आणि सोमवारी, शंकराच्या वारी, दह्याच्या सात डब्यांत भरलेली टर्की माझ्याकडे बघत होती.