अर्जाचा मायना

आमदारसाहेबांचं 'मतदारसंघ अपडेट' काल व्हॉट्सॲपवर पुन्हा आलं. सकाळी सातला, म्हणजे सुप्रभातवाल्यांच्याही आधी. प्रभाग सहामध्ये पेव्हर ब्लॉक, बाजारपेठेत हायमास्ट, स्मशानभूमीच्या संरक्षक भिंतीचं भूमिपूजन, आठवडी बाजाराच्या ओट्यांना वैशिष्ट्यपूर्ण योजनेतून मंजुरी, पाणीपुरवठ्याबाबत मुख्याधिकाऱ्यांसोबत आढावा बैठक. खाली फोटो. एक नारळ, एक कुदळ आणि त्या एका कुदळीला हात लावलेली अकरा माणसं.

आधीच सांगतो, माणूस वाईट नाही. फोन उचलतात. ते नाही तर त्यांचा पीए उचलतो, आणि आधीच्यांच्या काळात फोन नुसता वाजायचा. पण यादी वाचून झाल्यावर वाटलं, हे प्रगतिपुस्तक नक्की कोणाचं? यातलं एकही काम विधानसभेचं नाही. सगळी कामं समोरच्या इमारतीतली आहेत.

समोरची इमारत म्हणजे आमची नगरपरिषद. तिच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, १९ वर्षं झाली. झेरॉक्सबरोबर अर्जही टाईप करून देतो. त्यामुळे गावात कोणाची गटार तुंबली, कोणाची घरपट्टी चुकली, कोणाच्या दारातला दिवा बंद आहे, हे सीओ साहेबांच्या, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांच्या आधी मला कळतं. आणि गेल्या काही वर्षांत एक गोष्ट मी माझ्या कीबोर्डवर बदलताना पाहिली. अर्जाचा मायना.

पूर्वी लोक म्हणायचे, 'मा. नगरसेवक, प्रभाग क्रमांक अमुक' असं लिही. फार झालं तर 'मा. नगराध्यक्ष'. आमदारांच्या नावाने अर्ज यायचा तो बदलीचा, नाहीतर मुंबईत दवाखान्याच्या बिलासाठी मदतीचा. मग आमच्या नगरपरिषदेची मुदत २०२१ च्या डिसेंबरात संपली, नगरसेवकांच्या जागी सरकारने नेमलेले प्रशासक बसले, आणि हळूहळू सगळे अर्ज 'मा. आमदार महोदय' यांच्याकडे वळले. गटारीचे, दिव्याचे, मोकाट कुत्र्यांचेसुद्धा. लोकांचं काय चुकलं? ज्याच्या दारात जाऊन भांडता येईल असा निवडून दिलेला दुसरा माणूसच गावात उरला नव्हता.

प्रशासकांचा काळ ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांना त्यातली गंमत कळणार नाही. सभागृहात ठराव यायचा तर एक सूचक लागतो, एक अनुमोदक लागतो, कोणीतरी विरोध करतं, कोणीतरी सभात्याग करून समोर माझ्याकडे येऊन चहा मागवतं. प्रशासकीय ठरावाला यातलं काही लागत नाही. एकच साहेब विषय मांडणार, तेच मंजूर करणार आणि अंमलबजावणीही त्यांच्याच सहीने. ठरावाच्या प्रती झेरॉक्सला यायच्या तेव्हा मी वाचायचो. इतकी शांत सभा मी जन्मात पाहिली नव्हती.

आणि हे फक्त आमच्याकडे नव्हतं. मुंबई, पुणे, नागपूर, तिन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. छत्रपती संभाजीनगर आणि नवी मुंबईची तर २०२० मध्येच. तिथे प्रशासकांनी पाच वर्षांहून जास्त काढली. नगरसेवकांची मुदत पाच वर्षांची असते, प्रशासकांना ती पुरली नाही! राज्यघटनेचं कलम २४३-यू म्हणतं, पाच वर्षांची मुदत संपण्याच्या आत निवडणूक झाली पाहिजे. ७४ वी घटनादुरुस्ती त्यासाठीच झाली होती, १९९३ पासून लागू आहे. शेवटी सुप्रीम कोर्टाने ६ मे २०२५ ला आदेश दिला, पुढे मुदतही वाढवून दिली, आणि २ डिसेंबरला नगरपरिषदांचं मतदान झालं. मोजणी २१ ला. मग १५ जानेवारीला २९ महापालिका.

आता माझ्या मनातलं. ही रखडपट्टी झाली त्याचं मूळ कारण ओबीसी आरक्षण. मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या आरक्षणासाठी तीन अटी घातल्या, त्यातून आयोग, अहवाल, तारखा, 'जैसे थे' असं ते लांबत गेलं. प्रश्न खरा होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्याच काळात विधिमंडळाने काय केलं हे कोणाच्या अपडेटमध्ये कधी आलं का? मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून काढून शासनाकडे देणारी विधेयकं मंजूर झाली. एकमताने. इकडे टीव्हीवर एकमेकांचे गळे धरणारे सगळे पक्ष तिकडे एका सुरात. आपल्या गावाचे प्रभाग कोणी आखायचे हे ठरत होतं. त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲपवर काय आलं ते मला चांगलं आठवतं, व्यायामशाळेचं साहित्य.

मुंबईचे नगरसेवक २२७ चे २३६ केले आणि पुढच्याच वर्षी परत २२७. महापालिकांचा प्रभाग आधी चौघांचा, मग एकाचा, मग तिघांचा, मग पुन्हा चौघांचा. नगराध्यक्ष २०१६ मध्ये थेट जनतेतून, २०२० मध्ये नगरसेवकांतून, २०२२ मध्ये परत थेट. सरपंचाचंही तेच, फक्त सुरुवात २०१७ ला. सरकार बदललं की आपण मत कसं द्यायचं ते बदलतं. हे बदल कायद्याने होतात आणि कायदा करायला आपण ज्यांना पाठवलंय ते हेच सन्माननीय सदस्य. ते प्रत्येक वेळी कोणत्या बाजूला होते, का होते, दोन ओळी तरी? आमच्या साहेबांचं मत थेट नगराध्यक्षाच्या बाजूने आहे की विरोधात, मला आजवर माहीत नाही. त्यांच्या वाढदिवसाची तारीख मात्र गावातल्या शेंबड्या पोराला पाठ आहे, चार चौकांत फ्लेक्स असतो.

एकदा मी धीर करून त्या मेसेजला उत्तर पाठवलं. 'साहेब, प्रभागरचनेच्या विधेयकावर आपण सभागृहात बोललात का?' तासाभराने पीएचा फोन. 'काका, तुमचं काही काम अडलंय का?'

नाही म्हणालो. तर तो जास्तच घाबरला.

त्याचंही चुकत नाही म्हणा. आपणच आमदाराला मुकादम करून ठेवलंय. मत मागायला आले की आपण विचारतो, आमच्या गल्लीत काय केलं? सभागृहात लक्षवेधी सूचना किती मांडल्या, तारांकित प्रश्न कोणते विचारले, हे विचारणारा मी तरी पाहिला नाही. मग त्यांनीही ओळखलं की नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, थंडीत, 'अर्धा तास चर्चे'त बोलून जे मिळत नाही ते एका हायमास्टने मिळतं. आमदार निधी आता वर्षाला ५ कोटी आहे. त्यातून ते काम सुचवतात, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी कार्यालयातून होते, काम करणारी यंत्रणा तिसरीच, पैसे तुमच्याआमच्या करातले, आणि पाटीवर 'यांच्या प्रयत्नातून'. गावखेड्यात ग्रामविकासाच्या २५१५ या लेखाशीर्षातून, शहरात नगरोत्थान किंवा वैशिष्ट्यपूर्ण या सरकारी योजनांमधून. शब्द वेगळे, पाटी एकच.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल चौकात कोणी बोललं नाही. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघांतल्या. तिथे मतदार कोण? नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य वगैरे मंडळी. तेच नाहीत म्हटल्यावर मुदत संपली तशा त्या जागा रिकाम्या राहत गेल्या. गावातली खुर्ची रिकामी ठेवली तर वरच्या सभागृहातली पण रिकामी होते, असं ते आहे.

तर आता नगरसेवक आले आहेत. आमच्या प्रभागात दोन, 'अ' मधून एक बाई, 'ब' मधून एक तरुण पोरगा. पहिल्या सभेत गोंधळ झाला, दोघांनी सभात्याग केला, माझ्याकडे चहा झाला. खरं सांगू, बरं वाटलं. आणि त्याच आठवड्यात साहेबांचं हे अपडेट, पेव्हर ब्लॉकसकट, जसं प्रशासकांच्या काळात यायचं तसंच. मुख्याधिकाऱ्यांसोबत आढावा बैठकीच्या फोटोत नगराध्यक्ष शोधले. मागच्या रांगेत, खांबाला टेकून.

साहेब, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, पण पीए नक्की वाचेल. पेव्हर ब्लॉक त्या पोराला करू द्या. चुकेल, शिव्या खाईल, शिकेल. तुम्ही आम्हाला सांगा की पुन्हा सरकार बदललं तर आमचा नगराध्यक्ष निवडायची पद्धत पुन्हा बदलणार का, आणि तुम्ही तेव्हा हात वर करणार का. आमच्या नगरपरिषदेत किती पदं रिकामी आहेत आणि ती भरायला तुम्ही शासनाला काय विचारलं, काय उत्तर आलं. उत्तर जसंच्या तसं पाठवा, 'हे अंशतः खरे आहे' वगैरे मंत्र्यांच्या लेखी उत्तरांच्या भाषेत असलं तरी चालेल, मी समजून घेईन. अधिवेशन संपलं की असं एक पान. फोटो नको.

पोस्ट लिहितानाच मागच्या आळीतल्या एक मावशी आल्या. गटारीवरचं झाकण फुटलंय, नातू पडता पडता वाचला. म्हटलं, मावशी, मायना काय घालू? आता नगरसेवक आहेत आपल्याला, त्यांच्या नावाने लिहू? त्यांनी थोडा विचार केला.

'त्यांच्याच नावाने लिही. पण खाली आमदारांना प्रत लाव बाबा, उगीच राग नको.'

लावली. झेरॉक्सचे २ रुपये जास्त झाले.