त्या दिवशी टँकर आला होता

दिवाळीत मुलगी पुण्याहून लातूरला आली, ती लॅपटॉपमध्ये एक जुनी इंग्रजी मालिका घेऊन. म्हणाली, "पप्पा, पोलिसाची आहे, बापाची पण आहे. बघाच." 'एज ऑफ डार्कनेस' नाव. बीबीसीवर १९८५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लागली होती, सहा भागांची. सहा रात्री आम्ही रोज एक भाग बघितला. माझं इंग्रजी कामापुरतं, म्हणून ती मधूनमधून थांबवून समजावून सांगायची. पहिल्या रात्री मात्र मीच तिला थांबवायला सांगितलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. तिला वाटलं माझं बीपी वाढलं. तसं नव्हतं. काय होतं ते तिलाही अजून पूर्ण सांगितलेलं नाही, म्हणून इथं लिहितो. लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

गोष्ट यॉर्कशायरमधल्या रोनाल्ड क्रेव्हन नावाच्या पोलीस अधिकाऱ्याची आहे. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी एमा. पावसाची रात्र. बापलेक गाडीतून उतरतात, घराच्या दारापर्यंत येतात आणि त्याच्या डोळ्यांसमोर मुलीला कुणीतरी बंदुकीनं मारतं. खात्याला कारण लगेच सापडतं. क्रेव्हननं पूर्वी उत्तर आयर्लंडमध्ये खबऱ्यांचं काम सांभाळलेलं, तेव्हा कुणीतरी जुना डाव साधला असणार. गोळी बापासाठी होती, पोरगी मध्ये आली. सगळ्यांना पटतं. बापालाही पटतं.

मग तो तिच्या खोलीत जातो. तिच्या वस्तूंत हात घालतो. तिथं एक पिस्तूल निघतं आणि किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र निघतं. ते यंत्र मुलीच्या वस्तूंजवळ नेलं की कडकड वाजायला लागतं. आपल्या लेकरानं कुठं पाय ठेवला होता, कशाच्या मागं होतं, हे बापाला तिच्या मरणानंतर कळायला सुरुवात होते. पुढं मालिका फार लांब जाते. पर्यावरणासाठी लढणारी पोरं, जमिनीखालचं अणुकचऱ्याचं कोठार, लंडनमधले सरकारी लोक, सीआयएचा एक अवाढव्य माणूस. हेरगिरीची मालिका म्हणून लोक ती बघतात ते या भागासाठी, आणि तोही चांगलाच आहे. पण मला विचाराल तर सगळा जीव त्या खोलीत आहे. बॉब पेक नावाच्या नटानं तो बाप केलाय. तो रडत नाही, ओरडत नाही. बसून राहतो. मी ठाण्याच्या बाकड्यावर असे बाप बघितलेत. अगदी असेच.

याच मालिकेचा २०१० मध्ये त्याच दिग्दर्शकानं, मार्टिन कॅम्पबेल यांनी, मेल गिब्सनला घेऊन सिनेमा केला. मुलीनं तोही दाखवला. मला तो आवडला नाही. सहा भागांची गोष्ट दोन तासांत बसवताना बापाचं विचारणं कमी झालं आणि मारणं वाढलं. ज्याचं लेकरू गेलंय त्याला आधी सूड नको असतो. त्याला आधी कळायला पाहिजे असतं.

आता माझं सांगतो. मी पोलीस खात्यात ३३ वर्षं काढली, त्यातली बरीचशी रायटर म्हणून. रायटर म्हणजे ठाण्यात पंचनामे, जबाब, कागद लिहिणारा. अकस्मात मृत्यूची फाईल, जिला आम्ही ए.डी. म्हणतो, ती माझ्या हातून किती गेली याची गिनती नाही. मराठवाड्यात कुठल्याही ठाण्यातली ए.डी. रजिस्टरं उघडा, तीच ती वाक्यं दिसतील. 'पोटदुखीच्या त्रासास कंटाळून.' 'पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडून.' 'स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका उडून.' आणि खाली, प्रत्येक जबाबाच्या शेवटी, 'माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.' यातली पुष्कळ खरीही असतात, हे मी शपथेवर सांगतो. पोटदुखीनं माणूस खरंच कावतो, कर्जानं खरंच मरतो. पण ही वाक्यं आमच्या हाताला इतकी बसलेली असतात की समोरचा माणूस काय बोलतोय ते कानात जायच्या आधी पेन चाललेला असतो. क्रेव्हनच्या खात्याला जसं आयर्लंडचं कारण तयार सापडलं, तसं आम्हाला विहिरीचं सापडायचं.

२०१६ चा उन्हाळा. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, तो. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली तेव्हा लोक फुलं घेऊन स्टेशनवर उभे होते. खेड्यात तर टँकर येईल त्या दिवशी सण. अशा वेळी एका गावाहून खबर आली, विवाहिता विहिरीत पडून मयत. मी तेव्हा एका तालुक्याच्या ठाण्यात होतो. गेलो. विहीर कोरडीठाक व्हायला आलेली, तळाला डबकं. काठावर पोहरा आणि कासरा. सासरच्यांनी सांगितलं, पाणी आणायला गेली, पाय घसरला. गावानं माना हलवल्या. लग्नाला नऊ वर्षं झालेली. सात वर्षांच्या आत असतं तर तहसीलदारांना बोलवावं लागलं असतं, इथं ती सक्ती नव्हती. पोस्टमॉर्टेममध्ये आलं, पाण्यात बुडून गुदमरून मृत्यू. ते खरंच होतं. पण ती पाण्यात गेली कशी, हे डॉक्टरच्या कागदावर नसतं. ते बाकीच्यांनी शोधायचं असतं.

संध्याकाळी बाप आला. दोन एकर कोरडवाहूचा मालक. धोतर, पायात टायरच्या चपला, हातात कापडी पिशवी. मी जबाब लिहायला घेतला. नाव, वय, धंदा शेती, राहणार. ते मध्येच म्हणाले,

"सायब, आज तिथं टँकर आल्ता."

मी म्हटलं, "बरं मामा, पुढं सांगा."

"नाही, ऐका तर. सकाळी पोरीचा फोन आल्ता मला. म्हणली, बाबा, आज टँकर आला, टिपाड भरून घेतलं, आता चार दिवस निवांत. म्या आता घर बघून आलो की. टिपाड काठोकाठ हाय. मंग माझी लेक हिरीवर कशाला जाईल?"

हे टिपाडाचं, म्हणजे पाण्याच्या पिंपाचं, त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी मान डोलावली. बाहेर मयतीची गाडी थांबलेली, अंधार पडलेला, दोन दिवस मला झोप नव्हती. मी लिहिलं, 'माझी मुलगी पाणी आणण्यासाठी विहिरीवर गेली असता पाय घसरून पडली असावी. माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.' आणि अंगठ्याचं पॅड पुढं केलं. त्यांनी अंगठा दिला. त्यांना वाचता येत नव्हतं आणि मी वाचून दाखवलं नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नव्हता, मी एक पैसा घेतला नव्हता. मी फक्त ऐकलं नाही.

तेराव्यानंतर हा माणूस कामाला लागला. पंचायत समितीत पंधरा-वीस चकरा मारून टँकरच्या लॉगबुकची नक्कल काढली. खेप कितीला पोचली, किती लिटर, खाली गावातल्या बायांच्या सह्या. त्यात तिसरी सही त्यांच्या लेकीची. ड्रायव्हरला जाऊन भेटले. सासरच्या गल्लीतल्या एका म्हातारीकडं भाऊबीजेसारखं पातळ घेऊन गेले आणि चार तास बसून आले. त्या कापडी पिशवीत कागद वाढत गेले. क्रेव्हनकडं निदान पोलिसाचं कार्ड होतं, यांच्याकडं एसटीचा अर्ध्या तिकिटाचा पास होता. मी मालिका बघताना ओट्यावर जाऊन बसलो ते या पिशवीसाठी.

कोर्टाच्या आदेशानं गुन्हा दाखल व्हायला चौदा महिने गेले. त्या वेळी मोबाइल कंपन्या कॉलच्या नोंदी एक वर्षच ठेवायच्या (डिसेंबर २०२१ पासून दोन वर्षं झालं). लेकीनं सकाळी केलेल्या त्या फोनची नोंद गेली होती. फोन झाला होता याला आता फक्त बापाचा शब्द उरला.

खटला उभा राहिला. बापानं पिंजऱ्यात फोनचं सांगितलं, टिपाडाचं सांगितलं. आरोपीच्या वकिलानं जबाब पुढं केला. यात तर एक शब्द नाही. कायद्यात याला फार वजन असतं. जी महत्त्वाची गोष्ट पोलिसांसमोरच्या पहिल्या जबाबात नाही आणि कोर्टात पहिल्यांदा येते, ती नंतर रचलेली धरली जाऊ शकते. मग माझी साक्ष. वकिलानं विचारलं, "टँकरचा आणि फोनचा उल्लेख या जबाबात आहे का?" मी म्हटलं, "नाही." ते बसले. सरकारी वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला नाही, की त्यांनी तोंडी सांगितलं होतं का. मीही आपण होऊन बोललो नाही. बोलता आलं असतं. न्यायाधीश समोरच होते.

सगळे सुटले. लॉगबुकवरच्या सहीनं एवढंच सिद्ध झालं की ती सकाळी पाणी भरायला आली होती. बाहेर लिंबाखाली ते बसले होते. मला बघून उठले आणि म्हणाले, "सायब, जेवलात का?" बाकी काही नाही.

हेरकथा म्हटली की वाटतं सत्य लपवायला गुप्तहेर लागतात, मंत्री लागतात, तिजोरीतल्या फायली लागतात. मालिकेत ते आहे, आणि आपल्या देशातही तसं खरोखर घडलंय. आणीबाणीत, मार्च १९७६ मध्ये, केरळात राजन नावाच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी उचललं. वडील ईचर वारियर प्राध्यापक होते. त्यांनी दारोदार अर्ज केले, आणीबाणी उठताच हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टापुढं हजर करा अशी याचिका, दाखल केली. त्या खटल्यापायी १९७७ मध्ये करुणाकरन यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. वारियर २००६ मध्ये गेले, मुलाचा देह त्यांना कधीच मिळाला नाही. आणि आपल्या परभणीचं तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याचं शिकणारा मुलगा कोठडीत असताना मरण पावला, त्याची आई औरंगाबाद खंडपीठात उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवायचा आदेश घेऊनच बाहेर आली. सुप्रीम कोर्टातही तो टिकला. माझ्याच खात्याचा विषय आहे, तरी लिहितो. त्या माउलीला मी मनापासून हात जोडतो.

पण विहिरीवरच्या त्या बाईसाठी एवढ्या मोठ्या यंत्रणेची गरजच पडली नाही. एक गप्प गाव आणि एक दमलेला रायटर एवढ्यात काम झालं. म्हणून मला क्रेव्हनच्या गोष्टीतलं अणुकोठार तितकं भयंकर वाटत नाही, जितकं ते पहिलं, सगळ्यांना पटलेलं कारण वाटतं.

आता आईबापांना सांगतो, कारण आपली लेकरं आज लातूरच्या क्लासला आहेत, पुण्यात हॉस्टेलला आहेत, सासरी आहेत. देव न करो, पण तसा दिवस आलाच तर अंगठा किंवा सही करायच्या आधी म्हणा, वाचून दाखवा. 'तक्रार नाही' हे वाक्य तुम्ही बोलला नसाल तर खोडायला लावा. तुम्हाला खटकलेली गोष्ट कितीही बारीक असो, टिपाडाएवढी असो, ती त्याच दिवशी कागदावर गेली पाहिजे. जबाबात घेत नसतील तर साध्या कागदावर लिहा, आवक-जावकला द्या आणि पोच घ्या. संशय असेल तर पोस्टमॉर्टेमचं चित्रीकरण मागा, व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले पोटातले अवयव, राखून ठेवायला सांगा, आणि अंत्यविधीची घाई करू नका, भावकी कितीही मागं लागली तरी. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून अर्ज पहिल्या आठवड्यात. ठाण्यात दाद नाही लागली तर एसपींना लेखी अर्ज, आणि तिथंही नाही झालं तर प्रतिज्ञापत्र जोडून न्यायदंडाधिकाऱ्यांकडं. जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याचं कलम १७५(३). पूर्वी याला १५६(३) म्हणायचे.

आणि खात्यातल्या माझ्या तरुण भावांनो, रायटरच्या खुर्चीवर बसलात की समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत पेन खाली ठेवा. त्या माणसानं त्या लेकराला जन्म दिलेला असतो. सकाळी भरलेल्या टिपाडाचा अर्थ त्याला जो कळतो तो आपल्याला कळत नाही.

गेल्या आठवड्यात मी त्या गावाला जाऊन आलो. ते थकलेत, डोळ्यात मोतीबिंदू. पिशवी खुंटीला तशीच आहे. मी त्यांना जे सांगायचं ते सांगितलं आणि परवानगी मागितली. ते म्हणाले, लिहा. त्यांचं नाव, गाव घालत नाही. तो जबाब मी आज पुन्हा लिहितो आहे, तेव्हा जसा लिहायला पाहिजे होता तसा.

'मी समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, मयत ही माझी मुलगी आहे. आज रोजी सकाळी तिने मला फोन करून सांगितले की, गावात टँकर आला असून तिने टिपाड भरून घेतले आहे व आता चार दिवस पाण्याची काळजी नाही. मी आता तिचे घरी जाऊन पाहिले असता टिपाड काठोकाठ भरलेले आहे. त्यामुळे ती पाणी आणण्यासाठी विहिरीवर गेली हे मला मान्य नाही. माझी मुलगी विहिरीवर का गेली व तिच्यासोबत कोण होते, याचा तपास व्हावा. माझा वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.'