वजन कमी म्हणजे हाताला आराम? नाही पटलं

हातात धरून खेळायच्या गेमिंग कन्सोलवरचा हा लेख बाकी ठीक आहे पण "जितका हलका कन्सोल तितका हाताला आराम" हे काही पटलं नाही बुवा. मी स्टीम डेक ओलेड (व्हॉल्व्ह कंपनीचा असाच हातातला कन्सोल) वापरतो, चांगला ६४० ग्रॅमचा आहे, साखरेच्या अर्ध्या किलोच्या पुड्यापेक्षा जड, तरी दीड-दोन तास आरामात खेळतो कारण मागे दोन्ही बाजूंना जो फुगवटा दिलाय त्यात तळहात अख्खा बसतो आणि बोटांना नुसतं धरून ठेवायचं काम उरत नाही. याआधी एक सपाट पाटीसारखा हलका कन्सोल होता (नाव नको, उगाच भांडणं), त्याच्यावर अर्ध्या तासात करंगळीला मुंग्या यायच्या, कारण सगळा भार त्या बिचाऱ्या करंगळीवर!

आणि हे आजचं नाहीये. २००१ चा निन्टेन्डोचा हातातला कन्सोल, गेम बॉय ॲडव्हान्स, आडवा होता, खांद्याची बटणं बोटाखाली आपोआप यायची, मग २००३ मध्ये त्याचाच घडीचा अवतार, एसपी, आला, स्क्रीनला लाइट, चार्जिंगची बॅटरी, खिशात मावतो, सगळं मस्त, पण मोठ्या माणसाचे दोन्ही अंगठे त्या चौकोनात दाटीवाटीने बसवायचे म्हणजे गर्दीच्या लोकलमधली चौथी सीट. खिशाची सोय आणि हाताची सोय वेगळी असते हो, लेखात दोन्ही एकच धरलंय. बाकी डेक झोपून छातीवर धरून खेळायच्या भानगडीत पडू नका, डुलकी लागली की थेट नाकावर येतो. मांडीवर उशी घ्या आणि कोपर टेकवा, मग वजन जाणवतसुद्धा नाही.