शत्रूच्या जखमीवर उपचार करणं गुन्हा नाही

ठाण्यात, विशेषतः घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर, एक मेसेज फिरतोय: ‘युद्धात दोन्ही बाजूंच्या जखमींवर उपचार करणारे डॉक्टर शत्रूला मदत करतात. कायद्यानं हा गुन्हा आहे आणि त्यांच्यामुळेच लढाया लांबतात.’ हे साफ चुकीचं आहे.

1949 च्या पहिल्या जिनिव्हा कराराचं बारावं कलम नेमकं उलट सांगतं. जखमी सैनिक कोणाचाही असो, उपचार द्यायचेच. आधी कोणाला, हे फक्त वैद्यकीय निकड ठरवते. भारत या कराराला बांधील आहे आणि त्यासाठी आपल्याकडे 1960 चा कायदाही आहे.

राहिला लढाया लांबण्याचा मुद्दा. 1985 मध्ये एल साल्वाडोरमध्ये यादवी ऐन भरात होती. तेव्हा युनिसेफ आणि चर्चच्या मध्यस्थीनं सरकार व बंडखोर, दोघांनी मुलांच्या लसीकरणासाठी तीन दिवस बंदुका थांबवल्या. गोवर, पोलिओ, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लशी बंडखोरांच्या ताब्यातल्या भागातही पोचल्या. पुढे कित्येक वर्षं हे होत राहिलं. युद्ध लशीमुळे संपलं असं मात्र मी म्हणणार नाही. 1992 चा शांतता करार राजकीय वाटाघाटींतूनच झाला. पण एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसंही दिलेला शब्द पाळू शकतात, हे त्या दिवसांत दिसलं. मला ते फार मोलाचं वाटतं.

हा मेसेज तुम्ही पुढे पाठवला असेल, तर कृपया त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.